दमट तळघराची फरशी

समजा, सोळा पायऱ्या उतरून तुम्ही एका तळघरात उभे आहात. भिंतीला हात लावला की तळवा ओला होतोय, दाराची चौकट फुगली आहे. इथे वाइनच्या हजारभर बाटल्या आडव्या ठेवायच्या आहेत आणि पायाखाली काय घालायचं ते तुम्हाला ठरवायचंय. लाकूड? सहा महिन्यांत वाकडंतिकडं होईल. गुळगुळीत टाइल? पाय सटकला की बाटलीसकट तुम्हीही आडवे.

गेल्या महिन्यात माझे मामा अशाच एका तळघरात उभे होते. चाळीस वर्षं ते फरश्या बसवतात. खिशात कायम छोटी पाणसळ असते, म्हणून सगळे त्यांना लेव्हलमामा म्हणतात. न्हाणीघर करावं तर त्यांनीच. "माझ्या फरशीतून थेंब झिरपला तर मिशी उतरवीन," असं ते सांगतात. मामी लगेच विचारते, "आहे कुठे उतरवायला?"

तळघर एका हॉटेलवाल्या बाईंचं. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांच्या जुन्या तळघराची फरशी मामांनीच घातली होती. वडील आता नाहीत.

"मामा, बाबांना करून दिली होती ना, अगदी तशीच हवी," बाई म्हणाल्या. "टाइल, सांधे बंद, वर एपॉक्सीचा लेप, पाणी अडवणारा. ओलीचं नावसुद्धा नको."

हो म्हणायचं, मापं घ्यायची, काम सुरू. पण मामा खाली बसले. हातभर प्लॅस्टिक जमिनीवर पसरून त्यांनी चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. "उद्या सांगतो," एवढंच बोलले.

घरी त्यांनी भरलेलं ताट बाजूला सारलं. मामीने खोदून विचारलं तेव्हा अकरा वर्षांपूर्वीचं बाहेर आलं. जुन्या तळघरात त्यांनी न्हाणीघराचीच फरशी घातली होती. जमिनीची ओल पार बंद. हवेत उरलेला दमटपणा गार हवेच्या यंत्राने ओढून घेतला. दोन वर्षांनी पायरी दुरुस्त करायला गेले, तर बाटल्यांची बुचं सुकून आकसलेली आणि मानेवर वाइनचे वाळलेले ओघळ. बुचांना थोडा दमटपणा लागतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मालक, म्हणजे बाईंचे वडील, फक्त "पायरीचं तेवढं बघा" म्हणाले आणि वर निघून गेले.

"आता बाईंना सांगितलं तर काम जाईल, नावही जाईल," मामा म्हणाले.

"आणि तीच फरशी घातलीत तर?"

"बाटल्या जातील."

"मग जेवा गुपचूप. तुमचं ठरलंय, उगाच मला विचारताय."

दुसऱ्या दिवशी मामांनी बाईंसमोर प्लॅस्टिक उचललं. खालून थेंबच थेंब. "ही ओल बंद करून मी तुमच्या वडिलांच्या बाटल्या वाया घालवल्या," ते एका दमात म्हणाले. पुढचं सगळंही सांगून टाकलं.

बाईंनी त्या थेंबांवरून बोट फिरवलं. "बाबा तर म्हणाले होते, मालच वाईट निघाला."

मामा प्लॅस्टिकची घडी घालू लागले.

"मग इथे काय घालाल?" बाईंनीच विचारलं.

"खाली खडी, वर वाळू, त्यावर भाजलेल्या विटा. गुळगुळीत नाही, खरबरीत. सांध्यांत सिमेंट नको, वाळूच. पाणी साचणार नाही आणि हवेला हवा तेवढा ओलावा मिळेल. फारच दमट झालं तर वरचा झरोका उघडायचा."

"जन्मभर पाणी अडवलंत आणि आता सोडायला निघालात?"

"उशिरा सुचलं, बाई."

त्या हसल्या नाहीत. "सोमवारी या. पण दर महिन्याला बुचं तपासायची, आणि तुम्ही हजर पाहिजे."

आता निम्म्या विटा बसल्या आहेत. मामा गुडघे टेकून एकेक वीट ठोकून बघतात, आवाज पोकळ आला की परत उचलतात. काम मनासारखं चाललंय. तरी संध्याकाळी हातपाय धुऊन बसले की मला धरतात: "तू शिकलेला आहेस, तू सांग. मालकांना खरंच माल वाईट वाटला होता, की माझं नाव राहावं म्हणून त्यांनी लेकीला तसं सांगितलं?"