दादाच्या पोटातली आग

माझ्या थोरल्या भावाच्या तोंडाचा वास मी पाहुण्यांसमोर घेतला. त्याच्या पोरीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ती सांगायची म्हटलं की अजून मला समोरच्याकडं बघवत नाही.

आम्ही दोघेच भाऊ. दादा पिंपळगाव रेणुकाईच्या शिवाराला लागून असलेल्या आमच्या गावी शेती करायचा आणि मी टेंभुर्णीला शाळेत विज्ञान शिकवायचो. शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी गाडी धरून गावाकडं जायचो. आमचे वडील दारूनं गेले. त्यांचं शेवटचं वर्ष आम्ही दोघांनी मिळून काढलं. एकानं पाय धरायचे, एकानं खांदे. ते गेल्यावर दादा रेणुकाईच्या देवळात जाऊन आला आणि आईला म्हणाला, "म्या जन्मात शिवणार न्हाई." मी तिथंच उभा होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

दादाचं दुखणं त्याच्या तिशीत सुरू झालं. छातीच्या खाली, बेंबीच्या वर, बोटानं दाखवता येईल एवढ्या जागेत आग पडायची. उपाशी राहिला की जास्त, काही खाल्लं की घटकाभर बरं. म्हणून तो बंडीच्या खिशात भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि औतामागं चालता चालता मोडून खायचा. आंबट ढेकर यायचे म्हणून बडीशेप चघळायचा. कधी भर दुपारी बांधावर पोटाशी पाय घेऊन पडलेला दिसायचा. हाक मारली तर पटकन उठायचा नाही, आणि उठला की डोळे तांबारलेले.

हे सगळं मी वडिलांच्या बाबतीत पाहिलं होतं. माणूस बडीशेप कशासाठी चघळतो हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यात भोकरदनहून ये-जा करणारे एक सहकारी शिक्षक मला म्हणाले, "सर, बुरा मानू नका, पण तुमचे बंधू बाजाराच्या दिवशी त्या दारूच्या दुकानापाशी दिसले. दोनदा." त्या दुकानाला लागूनच सोड्याच्या बाटल्यांची गाडी होती. सोडा प्याला की ढेकर येते आणि आग जरा बसते, म्हणून दादा तिथं जायचा. हे मला फार उशिरा कळलं. विचारलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.

एकदा मीच त्याला भोकरदनला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "पिता का?"

दादानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "आमच्या घरात आहे ते. वडील त्यातच गेले."

डॉक्टरांनी मान हलवली आणि गुलाबी औषधाची बाटली लिहून दिली. तिखट बंद, तेलकट बंद, काळजी करायची नाही आणि 'ते' तर बिलकुल बंद. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "तू असं कामून बोल्लास? म्या घेत न्हाई."

"तू घेतोस असं मी कुठं म्हणालो?"

"मंग काय म्हणलास?"

स्टँडवर गाडी लागली होती. जल्दी चल, एवढंच म्हणालो.

तेव्हापासून वहिनी त्याच्यासाठी वेगळं शिजवायला लागली. ठेच्याशिवाय ज्याला घास जायचा नाही, तो माणूस वर्षानुवर्षं दूध-भाकरी आणि बिनतिखटाचं वरण खात राहिला. दुखणं होतं तिथंच. तिखट सोडूनही दुखतं म्हणजे 'ते' सुटलेलं नाही, असा निष्कर्ष मी काढला. आणि मी तर पोरांना निष्कर्ष कसा काढायचा ते शिकवणारा माणूस! दरवर्षी फळ्यावर जठराची आकृती काढून मी हेही सांगायचो की जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की तिथं कुठलाच जंतू तग धरत नाही. पोरं ते उतरवून घ्यायची.

पुतणी बारावी झाली आणि तिला बघायला पाहुणे आले. मुलगा नोकरीवाला, घर चांगलं. दादा पहाटेपासून धावपळीत होता, पोटात अन्नाचा कण नव्हता. दुपारी पाहुणे ओसरीत बसले, बोलणं चालू झालं, आणि दादा वाक्य अर्धवट सोडून उठला. भिंतीला हात लावत गोठ्यामागं गेला. ओकल्याचा आवाज ओसरीत सगळ्यांना ऐकू आला. परत येताना उंबऱ्याला त्याचा पाय अडखळला आणि तो खांबाला धरून उभा राहिला. मुलाच्या मामांनी मुलाच्या वडिलांकडं बघितलं. ते बघणं मला दिसलं.

त्याच्या पोटाचा विकार जुना आहे, एवढं वाक्य पुरे होतं. मी काय केलं? उठलो, दादाच्या खांद्याला धरलं आणि म्हणालो, "आ कर."

त्याला कळलंच नाही. लहान लेकरासारखं त्यानं तोंड उघडलं. मी नाक जवळ नेलं. पित्ताचा आंबट वास होता, थोडा बडीशेपेचा. दुसरं काही नव्हतं. मी पाहुण्यांकडं वळून म्हणालो, "नाही. आज घेतलेली नाही."

मला वाटत होतं मी घराची अब्रू राखतोय. 'आज' हा शब्द बाहेर पडल्यावर त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला. पुतणी आतल्या दारात पोह्यांचं ताट घेऊन उभी होती. तिच्या मानेवरचा घाम मला दिसला. मुलाचे मामा म्हणाले, "चालायचंच." त्यांनी पोहे खाल्ले, कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

त्या दिवसापासून माझ्याशी बोलायची वेळ आली की दादा खांद्यावरचा टॉवेल तोंडापुढं धरायचा. पुतणीचं लग्न दोन वर्षांनी भोकरदनलाच झालं. त्या सोयरिकीच्या बैठकीला मला बोलावलं नव्हतं. वहिनी एकदाच म्हणाली, "भाऊजी, तुमी शिकलेले. तुमी बोल्ले की लोकाला खरंच वाटतं."

पुढं पाच-सात वर्षांनी, कापूस वेचणीच्या दिवसांत, शाळेजवळच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. वहिनी रडत होती. दादा कपाशीत चक्कर येऊन पडला होता. तीन दिवस त्याला डांबरासारखी काळी शी होत होती आणि त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"मला कळवलं का नाही?" मी ओरडलो.

"काल बसून होते तोंड पांढरं करून. म्या म्हणलं भाऊजीला बोलावते. तर म्हणले, नगं. तो म्हणंल पिऊन पडला."

जीप करून आम्ही त्याला औरंगाबादला नेलं. रक्त चढवलं, तोंडातून नळी घालून पोट बघितलं, तर आत जखम होऊन रक्त वाहत होतं. तिथली डॉक्टर तिशीच्या आतली होती. तिनं मला बोलावून एक छोटी काचेची डबी दाखवली. आत पिवळी खळ होती. जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा तिनं त्यात टाकला होता आणि त्याच्याभोवती खळ गुलाबी होत चालली होती.

"जंतू आहे," ती म्हणाली. "तो अमोनिया तयार करतो, म्हणून रंग बदलतो."

रंग बदलण्याचं कारण मला लगेच कळलं. लिटमसचा प्रयोग मी शेकडो वेळा करून दाखवलेला. तरी मी म्हणालो, "जठरात जंतू जगत नाहीत."

"आम्हालाही शाळेत तसंच शिकवायचे." ती शांतपणे सांगत राहिली. या जंतूला बारीक शेपट्या असतात. तो आम्लातून पोहत अस्तरावरच्या चिकट थरात शिरतो, स्वतःभोवतीचं आम्ल अमोनियानं मारून टाकतो आणि पेशींना चिकटून बसतो. शरीर त्याच्याशी झगडतं, सूज कायम राहते, पण तो निघत नाही. औषध दिलं नाही तर जन्मभर राहतो. काहींना त्यातून जखम होते, बऱ्याच जणांना कळतही नाही. तिखटानं आग वाढत असेल, पण मूळ दुखणं त्याचं नव्हे.

आम्ही दादाच्या खाटेजवळच उभे होतो. मी पुन्हा तेच विचारलं. "दारूनं झालं नसेल ना?"

"पितात का हे?"

दादानं डोळे उघडले. "त्याला इचारा," तो म्हणाला. "त्याला सगळं ठावं आसतं."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "नाही. कधीच नाही." दादानं कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

जंतू येतो कुठून, हे मी बाहेर व्हरांड्यात विचारलं. बहुतेकदा लहानपणीच येतो, ती म्हणाली, घरातल्याच माणसांकडून, एकमेकांच्या उष्ट्यातून, पाण्यातून. दादा आणि मी एका ताटात जेवून मोठे झालो.

"म्हणजे माझ्याही पोटात असेल?"

"असू शकतो. तुम्हाला त्रास नाही ना?"

मला कधीच त्रास झाला नव्हता.

जखम सावरल्यावर दोन आठवडे तीन प्रकारच्या गोळ्या चालल्या. तोंड कडू पडायचं, जेवण नको व्हायचं, पण दादानं एकही गोळी चुकवली नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, जंतू गेलेला होता. जवळजवळ सतरा वर्षांचं दुखणं दोन आठवड्यांत गेलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं ठेचा खाल्ल्याचं वहिनीनं सांगितलं. माझ्यासमोर नाही खाल्ला.

शाळेत मी नव्या वर्गाला सांगितलं की आम्लात जंतू जगत नाहीत हे मी इतकी वर्षं चुकीचं शिकवलं. एका मुलीनं विचारलं, "मंग सर, पुस्तक खोटं का?" मी म्हणालो, पुस्तक जुनं आहे. माझ्याबद्दल काही बोललो नाही.

दादाकडं मात्र गेलो. तो मोटारीपाशी पाइप जोडत होता. मी म्हणालो, "दादा, माझं चुकलं. त्या दिवशी आणि त्याआधीही."

त्यानं पाइपावरची तार आवळली. मग म्हणाला, "दुखायचं त्याचं मला एवढं न्हाई वाटलं. पोरीनं बघितलं रे."

"मला माफ कर."

"म्या काय करू माफ करून? म्हातारे झालो आता. धर हे टोक."

मी टोक धरलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलतो. पाऊस, भाव, नातवंडं, सगळं बोलतो. वहिनी म्हणते, त्याच्या मनात काही नाही.

पुतणीकडं मी भोकरदनला गेलो की जातो. ती काका म्हणून पाया पडते, चहा ठेवते, पोरांना जवळ बसवते. दरवेळी ठरवून जातो की आज तिला सांगायचं, तिचा बाप कधीच पीत नव्हता, चुकलो मी होतो, आणि तेही तिच्या घरच्यांसमोर सांगायचं. चहा पितो, शाळेच्या गप्पा मारतो आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठतो.