कंपनीसाठी गाऱ्हाणं

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. त्यामुळे रत्नागिरीत कॉलेजला आल्यावर सुरुवातीला कुणाशी काय बोलायचं हेच मला कळत नसे. वर्गातली मुलं क्लासबद्दल बोलत, बाहेरच्या कोर्सबद्दल बोलत, आणि मी मान हलवत असे. मिरजोळ्यात, औद्योगिक वसाहतीला लागून खोली मिळाली तेव्हा दोन खोलीमित्र मिळाले आणि त्यांच्याबरोबर बोलायला एक विषय मिळाला. तो विषय म्हणजे व्हिडिओ गेमचं मशीन बनवणारी एक परदेशी कंपनी.

एका मित्राचा मोठा भाऊ जहाजावर नोकरीला आहे. त्यानं कुठल्याशा बंदरातून ते मशीन आणलं होतं, म्हणून त्या मित्राला आम्ही जहाजवाला म्हणत असू. दुसऱ्याचे वडील पोफळीच्या वीज प्रकल्पात, तो तिथल्या वसाहतीत वाढलेला, म्हणून तो पोफळीवाला. मशीन जुनं होतं. गेम तीनच, त्यातल्या एकाच्या डिस्कवर चरा पडलेला, त्यामुळे त्यातला घोडा पुलावर आला की तिथंच थिजायचा. खेळायला असं फारसं काही नव्हतं. म्हणून आम्ही बोलायचो.

बोलायचो म्हणजे कंपनी जणू आमच्या तिघांच्या सल्ल्यावर चालते अशा थाटात. नवीन गेम कोणते येणार, कधी येणार, नवं मशीन काढण्यात घाई झाली का, सगळं. आणि कंपनीला कुणी 'ते' म्हणत नसे. 'आपण' म्हणायची पद्धत होती.

"यंदा आपण मोठा गेम काढतच नाही," पोफळीवाला म्हणायचा. "पुढच्या वर्षावर ढकलणार बघ."

"ढकलू दे. कच्चा काढून शिव्या खाण्यापेक्षा बरं," जहाजवाला म्हणायचा. "पण आपले गेम दुसऱ्यांच्या मशीनवर द्यायला लागले ना, तर मी गप्प बसणार नाही."

"काय करशील?"

"काय करीन म्हणजे? कमेंट टाकीन."

"अरे, दिले पाहिजेत दुसऱ्यांना! आपला खप किती वाढेल!"

"मग आपलं मशीन घेणार कोण, तुझा काका?"

मला दोघांचंही पटायचं. मी मोबाइलवर सगळ्या बातम्या वाचायचो, कंपनीच्या साहेबांच्या मुलाखती शब्दकोश उघडून समजून घ्यायचो, आणि विचारल्याशिवाय बोलायचो नाही. पण मी त्यांच्यातला होतो. एवढ्यावरच मी खूश होतो.

दर रविवारी घरून फोन यायचा. माझ्या फोनचा कानाजवळचा आवाज गेलेला असल्यामुळे मला स्पीकर लावूनच बोलावं लागे. एका रविवारी मागून पोफळीवाला तावातावानं ओरडत होता, "आपण दोन वर्षं फुकट घालवली! आता तरी मोठं काम बाहेर यायला पाहिजे!"

"कोण रं त्यो?" आईनं विचारलं.

"मित्र आहे. कंपनीचं चाललंय."

आईच्या हातून बाबांनी फोन घेतला. बाबा जांभ्या चिऱ्याच्या खाणीत काम करतात. फोनवर ते कमी बोलतात.

"कंपनी चांगली हाय ना?"

मला बरं वाटलं. बाबांनी माझ्या आवडीचं काही पहिल्यांदाच विचारलं होतं. मी मनापासून सांगितलं, "चांगली आहे. पण यंदा जरा अडचणीत आहे."

"मानसं कमी केली काय?"

"थोडी केली."

"मग तू?"

"मी आहेच की. मी कुठं सोडतोय."

"सोडू नको," बाबा म्हणाले. "अडचनीत हाय म्हून सोडून जाऊ नये."

मला वाटलं, बाबांना खेळातली निष्ठा कळली. त्यानंतर दर रविवारी ते विचारू लागले आणि मी सांगू लागलो. माल का लांबला, साहेब काय म्हणाले, दुसऱ्या कंपन्या काय करतायत. ते गेमला माल म्हणत, म्हणून मीही माल म्हणू लागलो. ते हुंकार देत ऐकायचे.

शिमग्याला मी दोन्ही मित्रांना गावी घेऊन गेलो. दोघांनाही आमची पालखी बघायची होती. एसटीतून उतरल्यापासून वाडीतली माणसं माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघत होती. मुंबईहून आलेले एक चुलते म्हणाले, "काय रं, मिरजोळ्याला लागलास म्हनं?"

"हो, मिरजोळ्यालाच आहे," मी म्हणालो. मला वाटलं ते खोलीचं विचारतायत.

"झ्याक झाला. पोरांनी हितंच ऱ्हायला पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी आमच्या अंगणात आली. आमच्याकडे पालखी दारात आली की घरच्यांनी नारळ ठेवायचा आणि मानकऱ्यांनी त्या घराच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचं, असा रिवाज आहे. कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं, कुणाची नोकरी, जे असेल ते. प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. आमचे मानकरी म्हातारे आहेत, पण आवाज खणखणीत.

बाबांनी नारळ ठेवला आणि म्हणाले, "पोराच्या कंपनीसाठी घाला."

तेव्हा मला कळलं. नोकरी, मिरजोळ्याची औद्योगिक वसाहत, चुलते, सगळं एकदम कळलं. बाबा धुतलेला सदरा घालून हात जोडून उभे होते.

"अडचन काय ती नीट सांगा," मानकरी माझ्याकडे बघून म्हणाले. "देवाफुडं मोघम चालत नाय."

मी काही सांगायच्या आत माझे मित्र पुढे सरसावले. त्यांना वाटलं, काय मोठ्या मनाचं गाव आहे हे, गेमसाठीसुद्धा गाऱ्हाणं घालतात!

"आजोबा, मोठा गेम सारखा पुढं ढकलतायत," पोफळीवाला म्हणाला.

"गेम म्हंजे माल?"

"हो, मालच."

"माल येळेवर भायेर पडत नाय. फुडं?"

"आणि आपला माल दुसऱ्याच्या दुकानात ठेवायला लागलेत," जहाजवाला म्हणाला.

"ह्ये वाईट," मानकऱ्यांनी मान हलवली.

"वाईट काय त्यात, आजोबा? खप वाढतो ना!"

"तू गप रे! देवासमोर तरी खरं बोल!"

"खरंच बोलतोय! आकडे बघ ना!"

ढोलवाले ढोल खाली ठेवून ऐकू लागले. मानकऱ्यांनी हात वर केला. "पोरांनू, भांडान देव सोडवंल. तुमी बाजूला व्हा."

आणि त्यांनी सुरुवात केली.

"बा महाराजा! ह्या घरच्या धन्यानं लेकरासाठी तुज्या पायाशी नारल ठेवलाय."

"व्हय महाराजा!"

"त्याची जी काय कंपनी हाय, तिचा माल सारखा लांबनीवर पडतो, त्यो येळेवर भायेर काड!"

"व्हय महाराजा!" माझे मित्र सगळ्यांत मोठ्यानं.

"माल दुसऱ्याच्या दुकानात ठेवावा का नाय, ह्यात दोन मतां हायत. बरा काय ता मालकाच्या डोस्क्यात घाल!"

"व्हय महाराजा!"

"आनि ह्या लेकराला तितंच कायम कर!"

मित्रांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज या वेळी आला नाही. पण अख्ख्या वाडीचा आला, आणि त्यात बाबांचा मला वेगळा ऐकू आला.

पालखी पुढच्या घरी गेल्यावर मी बाबांना पडवीत गाठलं आणि सगळं सांगितलं. ते खांबाला टेकून ऐकत होते.

"म्हंजे कंपनी मिरजोल्यात नाय?"

"नाही. परदेशात."

"तुला वलखत नाय?"

"नाही, बाबा."

"ह्या पोरांना?"

"आम्हाला पण नाही, काका," जहाजवाला दारातून हळूच म्हणाला.

बाबांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मग तिची येवढी कालजी कसली करतासा?"

पोफळीवाला जहाजवाल्याकडे बघू लागला. तो प्रश्न आमच्या कुठल्याच चर्चेत आला नव्हता.

मला वाटलं होतं बाबा चिडतील. वाडीभर त्यांनी सांगितलं होतं, आता ते सगळं गिळायचं होतं. पण त्यांना खाणारी गोष्ट वेगळीच निघाली. "देवाफुडं खोटा ऱ्हायला," ते म्हणाले. "असा ठेवून चालायचा नाय."

पालखी तोवर शेजारच्या वाडीत गेली होती. बाबांनी दुसरा नारळ घेतला आणि आम्ही चौघं सड्याच्या उघड्या कातळावरून भर उन्हात तिकडे निघालो. ते मानकऱ्यांना बाजूला घेऊन सांगतील असं मला वाटत होतं. तसं सांगितलं तरी चाललं असतं. पण ते सरळ अंगणात, दोन वाड्यांच्या माणसांसमोर उभे राहिले.

"मगाशी सांगितला त्यात चूक झाली," ते म्हणाले. "पोरगा अजून शिकतोय. लागलेला नाय. माजी समजूत चुकली, त्याची काय चूक नाय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. चुलते दुसरीकडे बघू लागले. मी बाबांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

मानकऱ्यांनी विचार केला. "दिलेला गाऱ्हाना माघारी घेता येत नाय. दुरुस्ती घालता येती. कंपनीचा काय करू? काडू?"

माझे दोन्ही मित्र जागच्या जागी ताठ झाले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"ऱ्हाऊंदे," ते म्हणाले. "पोरांचा जीव हाय त्यात. तिचा पन बरा होऊंदे. ह्याचा शिक्शान पुरा होऊंदे, आनि कामधंदा मिलूंदे. कुटं बी."

"व्हय महाराजा!" वाडी म्हणाली. मीही म्हणालो, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला.

परतताना बाबा दोघा मित्रांच्या मधे चालत होते. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "ता दुसऱ्याच्या दुकानाचा नक्की काय म्हंता तुमी?"

दोघं एकदम बोलायला लागले. जहाजवाल्यानं करवंदीची काटकी मोडून मातीत मशीन काढलं, पोफळीवाल्यानं पायानं पुसून तिथं दुसरं काढलं. बाबा उकिडवे बसून बघू लागले. जहाजवाला म्हणाला, "नाही काका, असं बघा, हा चिरा तुमचा आहे ना," आणि बाबा म्हणाले, "चिऱ्याचा मला नको शिकवू, फुडं बोल." मी प्रसादाला मिळालेली नारळाची शकलं धरून बाजूला उभा होतो. ऊन चढत होतं, आणि उठायचं कुणी नाव घेत नव्हतं.