दादाचा गुडघा आणि कुमुदबाई

माझ्या भावाचा पाय मागायला आलेली बाई आज सकाळी गेली.

हो, पाय. कापलेला. बरोबर वाचलंत.

डॉ. कुमुद, गिरगावच्या. मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवण्यात जन्म घालवला. त्या वारल्या तरी त्यांच्यावर पेपरात कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितेय. नातसून म्हणते, "आजी, एवढं मोठं फेसबुकवर कोण वाचतं?" नका वाचू.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. लालबागची आमची चाळ म्हणजे निम्मी मिलमध्ये, निम्मी मोर्च्यात.

दादा दोन्हीकडे.

नाक्यावर गोळीबार झाला आणि त्याच्या मांडीत गोळी घुसली. परळच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत पाय गार पडला होता. मांडीतून काढावा लागला.

असा काढलेला पाय घरच्यांच्या ताब्यात द्यायचे, आपण नेऊन अग्नी द्यायचा. आई दादाच्या उशाशी बसलेली, म्हणून सकाळी मी गेले. सतरा वर्षांची होते. मागे चाळीतली पोरं हार घेऊन उभी. त्यांना त्या पायाची मिरवणूक काढायची होती, पार स्मशानापर्यंत.

आणि तिथे ही बाई. पांढरा कोट, घट्ट अंबाडा.

"पाय आजचा दिवस माझ्याकडे राहू दे," म्हणाली. "गुडघा उघडून बघायचाय. संध्याकाळी नीट शिवून परत देईन."

माझं डोकंच सटकलं. "तुम्हाला काही लाज आहे का? माझा भाऊ तिकडे तळमळतोय."

ती जागची हलली नाही. समजावून सांगायला लागली.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक तिरका पट्टा असतो म्हणे, मांडीच्या हाडापासून खाली नडगीच्या हाडापर्यंत. फार पूर्वी परदेशातल्या कुणा डॉक्टरने लिहून ठेवलेला. तिचे सर म्हणत, वेगळं लिगामेंट वगैरे काही नाही, सांध्यावरचं आवरण तिथे जरा जाड असतं इतकंच. ती म्हणे, आहे. पण तो दिसायला गुडघा वाकवून पाऊल आत वळवावं लागतं, तेव्हा तो ताणतो. कॉलेजातली प्रेतं औषधात मुरून लाकडासारखी ताठ. ती वाकणार कशी? आणि ताजा गुडघा तिला कोण देणार?

"बरं, सापडला तर काय होईल?" मी विचारलं.

"काही लोकांचा गुडघा चालता चालता निसटतो. तो का निसटतो ते कळेल. कदाचित."

त्या 'कदाचित'ने मी आणखीच पेटले. म्हटलं, चला, त्यालाच विचारा. वाटलं, दादा हाकलून देईल.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग पोरांकडे बघून म्हणाला, "पाय माझा ना? मग मिरवायचा नाय. ते हार काढा आधी. बाई, घेऊन जा. पण फुकट घालवू नका."

आई म्हणाली, "जाळूचो आसा तर अख्खो तरी जाळा गे."

संध्याकाळी पाय परत आला. आईने टाक्यांवरून एकदा बोट फिरवलं. आम्ही गाजावाजा न करता अग्नी दिला.

दादा घरी आल्यावर काही दिवसांनी ती चाळीत आली. बसायच्या आधीच दादाने विचारलं, "सापडला?"

"नाही. तुमच्या गुडघ्यात तो पट्टा नव्हता."

मी उसळलेच. "म्हणजे फुकटच गेला ना पाय?"

ती म्हणाली, "माझ्याबरोबरचे पण तेच म्हणतात. गोळी लागलेल्या माणसाचा पाय, तो हिशोबात धरूच नकोस. पुढे ज्यांच्यात सापडेल, तेवढेच लिही."

"मग?" दादा.

"मी धरलाय. पहिलाच तुमचा आहे. तो गाळून मी पट्टा आहे म्हटलं, तर ते खोटं होईल."

दादा हसला. गोळी लागल्यापासून पहिल्यांदाच.

"आम्हाला पण पयल्या मोर्च्यात मुंबई मिळाली नाय. म्हणून घरी बसलो काय? बघा, दुसरे गुडघे बघा."

आणि तिने बघितले. वर्षानुवर्षं. कुठे सापडला, कुठे नाही. सर शेवटपर्यंत मानले नाहीत. कॉलेजात तिला 'गुडघेबाई' म्हणायचे. ती म्हणू द्यायची.

मध्यंतरी पेपरात आलं, परदेशात गुडघ्यात 'नवीन' लिगामेंट सापडलं. मी चिडून फोन केला. "तुमचाच तो पट्टा, आणि नवीन म्हणे!"

"असू दे गं," म्हणाली. "अजून त्यांचंही आपसात भांडण चालूच आहे. मिटेल हळूहळू."

महाराष्ट्र झाला तेव्हा दादा कुबड्यांवर शिवाजी पार्कला गेला होता. घामाघूम होऊन परत आला, तरी झोपायला तयार नव्हता.

लढ्यात जे गेले, त्यांची नावं दगडात कोरली. कोरायलाच हवीत. दादा वाचला. म्हणून त्याचा पाय कुणाच्या हिशोबात आला नाही.

आला तो फक्त हिच्या. 'पट्टा आढळला नाही', त्या यादीत पहिला.

दादाला तेवढं पुरलं. मरेपर्यंत सांगायचा, "बाईंनी माझा पाय मोजला."

कुमुदबाई, या आता. आम्हा दोघांचा मनापासून नमस्कार.