काचेवरचे लोक

पर्सी गॅदरकोलने वीसेक उन्हाळे मार्ल्सीच्या किनाऱ्यावर परक्यांचे फोटो काढले. सुट्टीला आलेले गिरणीकामगार, त्यांच्या बायका, गाढवांवर बसलेली पोरं. संध्याकाळी गिऱ्हाईक कागदावरचा फोटो घेऊन जाई, पण जिच्यावर काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं होऊन तो आधी उमटे, ती निगेटिव्हची काच पर्सीच्या घरी खोक्यात राही. बायकोचा, हिल्डाचा फोटो मात्र त्याने एकदाच काढला.

मग लढाई आली. किनाऱ्यावर काटेरी तारा पडल्या, धंदा बसला. घरोघरी भाजी पिकवा, असं सरकार सांगत होतं आणि काच कुठे मिळत नव्हती. पर्सीने खोक्यांतल्या काचा काढून परसात टोमॅटोंसाठी काचघर उभारलं. गावातल्या दुसऱ्या फोटोवाल्यांनीही तेच केलं. काचेवरचं चित्र जाऊन ऊन आत यावं म्हणून हिल्डा गरम पाण्यात सोडा टाकून एकेक काच घासायची. एक दिवस तिच्या स्वतःच्याच फोटोची काच हातात आली.

"ती राहू दे," पर्सी म्हणाला.

"अरे, मी जितीजागती उभी आहे की समोर! टोमॅटोंना ऊन नको?"

त्याच हिवाळ्यात ती न्यूमोनियाने गेली.

त्या गोष्टीला तीसहून जास्त वर्षं झाली. पर्सी अठ्ठ्याहत्तरचा झाला आणि त्याला हिल्डाचा चेहरा आठवेनासा झाला. खोकला आठवे, जिन्यावरची पावलं आठवत. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा उजेड.

किनाऱ्यापासून समुद्रात आतवर गेलेला जुना लाकडी धक्का पाडायचं ठरलं, तेव्हा गावच्या इतिहास मंडळाच्या येलंडबाई त्याच्या दारी आल्या.

"मिस्टर गॅदरकोल, धक्क्याचं प्रदर्शन भरवतोय आम्ही. तुमच्या जुन्या काचा कुठे असतात?"

"टोमॅटोंना विचारा."

बाई काचघराला फेरी मारून आल्या. "सावलीकडच्या काचांवर पुसट काहीतरी दिसतंय. सगळ्याच काही नीट घासल्या गेल्या नसतील."

"माझी बायको घासायची. अर्धवट काम तिला ठाऊक नव्हतं." त्याने काचघराचं दार उघडून धरलं. "न्या काढून. पण तिची काच निघाली, तर आधी मला."

दोन दिवस बाई एकेक काच उजेडापुढे धरत होत्या आणि पर्सी शेजारी खुर्चीत. गाढवाचे पाय निघाले. धक्क्यावरचं अर्धं घड्याळ निघालं. काळ्या तोंडांची, पांढऱ्या केसांची पोरं निघाली. शेवटी एका काचेवर कठडा धरलेला एका बाईचा हात दिसला, कोपरापर्यंत हातमोजा चढवलेला. वर चेहऱ्याच्या जागी सगळं स्वच्छ, पारदर्शक.

"ह्याच का त्या?" बाईंनी हळू विचारलं. "खाली नाव लिहू?"

पर्सीने काच मांडीवर घेतली. हिल्डा हातमोजे घालायची का? अकरा वर्षांचा संसार. चहाचा कप देणारा तिचा हात त्याने आठवून पाहिला, कप तेवढा आठवला.

"मिस्टर गॅदरकोल?"

"तुम्हाला वाटेल ते लिहा," तो म्हणाला आणि काच बाईंना परत दिली.