हिरीची ओळ

गोमीकाकी लग्नात गायच्या धवल्याची एक ओळ म्हणायची आणि थांबायची. म्हटलेल्या ओळीला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ गप्प, नजर शेजारच्या रिकाम्या पाटावर, आणि मग पुढची ओळ. आमच्या आळीतल्या एका हळदीला डीजेवाल्या पोराला वाटलं, म्हातारीचं संपलं. त्यानं धाडकन आपलं गाणं लावलं. काकी जागची हलली नाही, नुसता हात वर केला. आवाज बंद झाल्यावर म्हणाली, "दम धर रं बाबा. हिरीची ओळ हाय ती."

पोरगं बावचळून तिच्या शेजारी बघू लागलं. तिथं कुणीच नव्हतं.

खालापूरजवळच्या आमच्या गावात लग्नाला भटजी येतो, पण त्याच्याआधी धवले गाणारी धवलारीण लागते. हळद कुठं पिकली, कुणी दळली, मांडवाला कोणकोणते देव आले, ही सगळी गोष्ट ती गाऊन सांगते आणि तिच्या गाण्याबरोबर एकेक विधी पुढे सरकतो. गायला दोघी लागतात. एकीनं ओळ सोडायची, दुसरीनं तीच झेलायची, तेवढ्यात पहिली दम घेते. गोमीकाकीची ओळ झेलायची ती तिची धाकटी जाऊ, हिराकाकी. माझ्या लग्नात दोघी गायल्या होत्या. एकीचा आवाज कुठं संपतो नि दुसरीचा कुठं लागतो ते कळता कळेना, म्हणून मी त्यांच्याकडेच बघत बसले. नवरी मुलगी अशी तोंड उघडं टाकून बसते का, म्हणून आईनं नंतर माझी चांगलीच हजेरी घेतली.

पुढे हिराकाकीला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली. मुलगा मोहोपाड्याला कारखान्यात नोकरीला होता, तो तिला तिकडे कॉलनीत घेऊन गेला. तेव्हापासून गोमीकाकी एकटीच गायची आणि जावेच्या ओळीची वेळ मोकळी ठेवायची.

मला ते बघवेना. लग्नं ऐकून ऐकून धवले मला निम्मेअधिक पाठ झाले होते. एकदा म्हटलं, "काकी, मी झेलू का?"

तिनं सुपारी कातरणं थांबवलं. "तू गोड म्हनशील गं. पन तू बसलीस, तर ती आल्यावर कुठं बसंल?"

हिराकाकी येणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. नंतर तिनं मला धवले शिकवले, अगदी मन लावून शिकवले, पण सगळ्या सोडायच्या ओळी. झेलायची एकही नाही.

मग हिराकाकीच्या नातीचं लग्न निघालं, मोहोपाड्याच्या हॉलमध्ये. हळदीच्या दिवशी काकी नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी टेंपोत जाऊन बसली. "आज झेलंल ती," रस्ताभर हे एकच.

हॉलमध्ये हिराकाकीला खुर्चीवर बसवलं होतं. तिच्याशेजारी खुर्ची ओढून गोमीकाकी बसली, पहिली ओळ म्हटली आणि थांबली. हिराकाकीचे ओठ हलले. आवाज नाही. पुढच्या ओळीला तेच, त्याच्या पुढच्या ओळीलाही तेच. गोमीकाकी सोडत राहिली. मग एका ओळीचा शेवटचा सूर तेवढा हिराकाकीच्या घशातून आला. खरखरीत, वाकडातिकडा, पण अगदी जिथं यायला हवा तिथंच.

आणि उभ्या जन्मात कधी न अडखळलेली गोमीकाकी पुढची ओळच विसरली. तोंडाला पदर लावून बसून राहिली. नवरीच्या अंगावर हळद वाळत चालली होती, पण कुणी घाई केली नाही.

परतताना टेंपोत मला म्हणाली, "आयकलंस ना? आली व्हती ती."

पुढच्या उन्हाळ्यात गोमीकाकी गेली. मला तिची फार आठवण येते.

मध्यंतरी मोहोपाड्याला गेले होते. हिराकाकी खिडकीशी बसली होती. वाटलं, तिला बरं वाटेल. शेजारी बसून मी गोमीकाकीची ओळ म्हटली, तिनं शिकवली तशीच, आणि थांबले.

हिराकाकीचे ओठ हलले नाहीत. तिनं मान वळवली आणि दाराकडे बघू लागली. खूप वेळ बघत राहिली.