महादेवाचा तुंबा

खुरपं घालण्याआधी मामा प्रत्येक रोप दोन बोटांनी हलवून पाहत. नव्या लातूर जिल्ह्याच्या आमच्या कचेरीत ते रोजंदारीवर माळी होते, मी कारकून. जिल्ह्याची पाटी लागली होती, पाणी मात्र टँकरचं. त्या दुष्काळात तुम्ही तिथं अर्ज घेऊन आला असाल, तर फाटकाजवळ उकिडवे बसलेले मामा पाहिलेही असतील.

कुंपणाच्या कडेला त्यांनी तुंबा राखला होता. बांधावर आपोआप उगवणारं रोप, पांढरी चिमुकली फुलं. मी तण म्हणालो, तर म्हणाले, "तण न्हाई बाबू, महादेवाचं हाय. गुलाब वाहणारा कायतरी मागतो. तुंबा वाहणारा मागत न्हाई, म्हणून देवाला त्योच लई आवडतो." रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन त्यावर ते एकच फूल ठेवत.

मी मात्र मागणारा. मूल व्हावं म्हणून बायकोने सोळा सोमवार धरले होते, तुंबाच वाहीन असं बोलून. पाऊस नव्हता, बाहेर तुंबा मिळेना. मी मामांना गळ घातली. हातपाय धुतलेलं पाणी ते त्या रोपांना घालू लागले. दर सोमवारी पळसाच्या पानात अकरा फुलं मिळत. देवाला मागायचं नाही म्हणता ना, असं मी एकदा चिडवलं.

"बाई मागतीया. म्या नुसता पोचवतो."

अकरा सोमवार झाले. मग एका दुपारी साहेबांना ती ओली माती दिसली. गुलाब वाळत होते. तणाला पाणी कुणासाठी घालतोस, त्यांनी विचारलं. मी फाईल घेऊन शेजारीच उभा होतो. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझीच खोड हाय, सायब."

त्यांना कामावरून कमी केल्याचा कागद मीच लिहिला, चांगल्या अक्षरात. संध्याकाळपर्यंत तुंबा उपटला गेला. घरी मी सांगितलं, उन्हानं जळाला. व्रत तिथंच मोडलं.

संक्रांतीच्या सुमारास उदगीरजवळ त्यांच्या लेकीच्या गावी गेलो, सगळं कबूल करायला. मामा बाजेवर बसून दोरी वळत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "बाईचे सोमवार पार पडले न्हवं?"

मी हो म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. आत लेकीला हाक मारून म्हणाले, "चहात दूध जास्त घाल गं. बाबूच्या घरी पाळणा हलणार हाय."

मी तो चहा प्यालो. उन्हाळ्यात मामा गेले. पाळणा हलला नाही, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही.