पंचमीच्या साडीचे पैसे

आमच्या सीमेकडच्या गावांत नागपंचमीला भाऊ बहिणीला न्यायला येतो. नाहीच जमलं तर निदान साडीचे पैसे पाठवतो. वडील गेल्यापासून माझा धाकटा भाऊ दोन्हींपैकी काहीच करत नव्हता. वडिलांच्या जमिनीला वारस लावताना मी त्याला आधार कार्डाची आणि पासबुकाची झेरॉक्स दिली, पण हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली नाही. पीक तू खा, उताऱ्यावर माझं नाव राहू दे, एवढंच म्हटलं. त्यानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. मीही काही कमी नाही. इकडे दूर शहरात, चामराजपेटेत ब्लाउज शिवत बसले, फोन केला नाही. पण पंचमीला शेजारणी माहेरी निघाल्या की जीव तुटायचा, हे खरं.

मग एका पंचमीच्या आठवड्यात माझ्या खात्यात पैसे जमा झाले. मेसेज इंग्रजीत. मी त्यातून आपल्याला हवा तेवढा अर्थ काढला. मला पैसे पाठवणारं दुसरं होतं कोण? अभिमान गुंडाळून ठेवला आणि फोन लावला.

"साडीचे पैसे पोचले रे."

तो म्हणाला, "पोचले? बरं. बरं झालं, अक्का. पाऊस हाय का तिकडं?"

दिवाळीत पुन्हा पैसे, पुन्हा माझा फोन. संक्रांत होऊन गेल्यावर आले तेव्हा मात्र मी बुचकळ्यात पडले. संक्रांतीला कुठला भाऊ पैसे पाठवतो? विचारलं तर म्हणाला, "राहू दे की गं." आमचं बोलणं मात्र वाढत गेलं. जोंधळा, त्याचे गुडघे, माझी गिऱ्हाइकं.

परवा बँकेत पासबुक भरायला गेले आणि कौतुकानं खिडकीतल्या मुलीला भावाच्या पैशांची नोंद दाखवली. ती म्हणाली, "अक्का, हे भावाचे नाहीत. ज्यांच्या नावावर जमीन असते त्या शेतकऱ्यांना सरकार देतं ते."

मी शेतकरी? माझ्या हातून कुंडीतली तुळस धड जगत नाही. राबतो तो आणि पैसे मला? मग इतके दिवस हा कशाला बरं, बरं म्हणत होता? कोणी कोणाला फसवलं, काही कळेना. रांगेतली मागची बाई तिच्या कानडी मराठीत "स्वल्प सरका" म्हणेपर्यंत मी खिडकीशीच उभी.

बाहेर येऊन रस्त्यावरूनच त्याला फोन केला. "तुला ठाऊक होतं?"

"तुझ्या पहिल्या फोनलाच कळलं. अर्जाला तुझ्याच पासबुकाची झेरॉक्स लागली असणार. त्याच पैशासाठी कचेरीत खेटे घालत होतो, कुठं गेले म्हणून."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू साडीचे म्हणालीस. मी तर काहीच पाठवलं नव्हतं."

मला राग आला, आणि रडूही. आलेले सगळे पाठवते म्हटलं. पुढचे थेट तुझ्याच खात्यात जातील अशी काहीतरी सोय करते, असंही म्हटलं.

"आलेले पाठव हवं तर," तो म्हणाला. "पण पुढचे तिकडंच येऊ देत."

"का?"

"मग तू फोन कशाला करशील?"

"गाढवा, पंचमीला न्यायला ये की!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून बघितलं.